जिनिव्हात आप्पांनी लावलेला हेडफोन

मंडळी, आज मी आणि आप्पा जिनिव्हातल्या त्या जुन्या इमारतीत गेलतो, जिथं जगभरचे देश बोलणी करायला जमतात.

आप्पा म्हणजे माझे वडील. बेळगावात मराठी पाट्यांसाठी जन्मभर भांडलेले!

सभागृहात खुर्चीखुर्चीला हेडफोन. बटण फिरवलं की भाषा बदलते. आप्पा फिरवतच बसले. "मराठी कितव्या नंबरला गं?"

शेजारच्या खुर्चीवर धारवाडचे एक काका कन्नड शोधत होते.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. आप्पा चक्क कन्नडात म्हणाले, "इल्ला री!" म्हणजे नाही हो! आमचीही नाही, तुमचीही नाही. दोघं लई हसले.

मग बाहेर पायरीवर बसून, आम्ही बेळगावहून आणलेला गोड कुंदा खात, दोघांनी मिळून अर्ज लिहायला घेतला: दोन्ही भाषा पाहिजेत.

तासभर झाला, गाडी पहिल्याच ओळीवर अडलीय. अर्जात वर कुठली भाषा लिहायची, मराठी का कन्नड? तुम्हीच सांगा!