माटोळीतले बटाटे

आमचे हे गोव्यात तुये गावी कामाला. तिथे बंद खोलीत दिव्यांखाली बटाटे वाढवतात, आणि किती उजेडात, किती गारव्यात बटाटा केवढा होणार, ते ह्यांचा कॉम्प्युटर आधीच सांगतो. घरीही डोळे स्क्रीनवरच. मी तापाने कुडकुडले, तर अंगावर चादर घालायचंही ह्यांना सुचलं नाही. मेले ते बटाटे!

चवथीला मी रान पालथं घालून गणपतीवर रानफळं टांगायची माटोळी बांधते. कवंडळं, सुपारीचे घोस. ह्यांनी कधी मान वर करून पाहिलं नाही. यंदा चिडून मी त्यात ह्यांनी त्या खोलीतून आणलेले दोन बटाटेही टांगले.

लगेच दिसले! "अगो, इथे उजेड फार, हिरवे पडतील," म्हणाले, आणि खांद्यावरचं उपरणं काढून त्यांना अलगद पांघरलं.