आत्याबाईंच्या पानातलं लोणचं

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. ह्यांच्या नाही, लेकीच्या नाही. देवासमोर हात जोडले तरी या जागेशी आले की पटकन दुसरंच काहीतरी मागून घेते. आता दुपारभर घरात एकटीच असते — भांड्यांशी बोलायची वेळ आलीय — म्हणून तुम्हाला सांगते. ऐकून घ्या, बस्स.

माझ्या सासूबाई — आमच्याकडं आत्याबाई म्हणतात — त्यांचं हार्ट फेल झालं होतं. नाव ऐकूनच वाटलं, संपलं सगळं. लातूरच्या डॉक्टरांनी समजावलं, हृदय बंद पडलेलं नाही, त्याचा जोर कमी झालाय. बोअरची मोटर जुनी झाली की पाणी वर चढत नाही, तसंच. मग पाणी पायात साचतं, छातीत साचतं. मीठ कमी, पाणी मोजून, रोज सकाळी वजन, आणि साचलेलं पाणी लघवीतून काढणारी एक गोळी. सगळं मीच बघायची. आत्याबाईंना वाचता येत नव्हतं. मी तळहातावर ठेवीन ते त्या गिळायच्या. केवढा भरवसा, बघा!

त्यात शीतलचं, माझ्या लेकीचं लग्न निघालं. घर पाहुण्यांनी भरलेलं आणि संडास-बाथरूम एकच. गोळी घेतली की आत्याबाईंच्या सारख्या चकरा. कधी वाटेतच लुगडं ओलं व्हायचं. देवणीची व्याहीमंडळी समोर बसलेली असताना तसं झालं, आणि विहीणबाईंनी नाकाला पदर लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज कशाची वाटली मला? त्यांच्या दुखण्याची? का पोरीच्या सासरी आमचं नाव निघेल याची?

दुसऱ्या दिवशी मी ती गोळी दिलीच नाही.

"आज ती मुतायची गोळी न्हाई का गं?" त्यांनीच विचारलं.

"डॉक्टरनी लग्न होईस्तोवर बंद सांगितलीय," मी म्हणाले. तोंड वर करून! त्या उलट खूश झाल्या. "बरं झालं बाई, लई लाज वाटून राहिली होती."

हळदीपर्यंत त्यांच्या चपलांचे पट्टे पायात रुतायला लागले. वजनकाटा आहेराच्या साड्यांखाली कुठंतरी गेला होता — मी शोधला नाही. का नाही शोधला? आकडा दिसला असता म्हणून. लग्नात त्या खुर्चीवर बसून होत्या. दोन घास दहीभात खाल्ला, तेवढ्यानंही धाप लागली. मी पाहिलं. फोटोसाठी त्यांचा पदर नीट करून दिला आणि पुढं गेले.

पाठवणी झाली आणि त्यांना श्वास घेता येईना. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चालू होत्या ना? हे माझ्या शेजारीच उभे. आणि मी म्हणाले, "गोळ्या तर रोज देते हो मी. लग्नाच्या गडबडीत लोणचं-पापड खाल्लं असंल. त्यांच्या तोंडाला कोण आवर घालणार?"

ह्यांचा पारा चढला. सगळ्या वॉर्डासमोर आईला नको नको ते बोलले. आत्याबाईंनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारला, आधी माझ्याकडं पाहिलं. मग ह्यांना म्हणाल्या, "हाव बाबा, खाल्लं. चुकलं माझं."

त्यानंतर त्या वर्षभर होत्या. गोळी मी एकदाही चुकवली नाही — पण त्याचं आता काय कौतुक? हे लोणच्याची बरणी कपाटात कुलूप लावून ठेवायचे. पाहुणे चेष्टा करायचे, म्हातारीची जीभ लई चटोर हाय म्हणून. आत्याबाई हसायच्या. 'का गं असं केलंस' म्हणून त्यांनी मला कधी विचारलं नाही. मी वाट बघायची त्या प्रश्नाची, आणि त्यांच्याजवळ एकटीनं बसायचंही टाळायची. दुपारी त्या त्यांच्या खोलीत, मी माझ्या.

आता त्यांच्या श्राद्धाला हे न चुकता सांगतात, "आईच्या पानात लोणचं जास्त वाढ, लई जीव होता तिचा." सांगताना डोळे भरून येतात ह्यांचे — शेवटचं वर्षभर तिला चाखूसुद्धा दिलं नाही म्हणून.

आत्याबाई लोणचं खातच नव्हत्या हो. आंबटानं दात शिवशिवायचे त्यांचे. पण त्या जेवायच्या सगळ्यांच्या मागून, स्वयंपाकघरात खाली बसून. त्यांच्या ताटात काय असतं, हे ह्यांनी कधी बघितलंय? ते मला एकटीलाच माहीत.

यंदाही मी पान वाढलं. लोणच्याच्या दोन फोडी ठेवल्या. हे म्हणाले, अजून एक वाढ.

मी वाढली.