टिबेट्सचं शिफारसपत्र

आमच्या ओहायोतल्या कॉलेजात मेडिकलला जाऊ पाहणारी पोरं सगळ्या प्राध्यापकांना मस्का लावतात, पण ऑर्विल टिबेट्सच्या दाराशी आली की त्यांची बोबडी वळते. रसायनशास्त्र शिकवणारा हा विसराळू माणूस येईल त्याला कॉफी पाजतो, जोरदार शिफारसपत्राला मात्र खुशाल नाही म्हणतो. मी ग्लेंडा हॅगन, त्याच्याच विभागाची सेक्रेटरी. हा असं का करतो, हे कुतूहल मला स्वस्थ बसू देत नसे.

फेब्रुवारीत नडीन कोवाल्चिक आली. वर्गात पहिली येणारी.

"सर, मला जोरदार शिफारसपत्र द्याल का?"

"पत्र देईन. जोरदार नाही जमणार."

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. पुळचट पत्र गेलं तर मेडिकल कॉलेजकडून मुलाखतीचं बोलावणंसुद्धा येत नाही, हे इथं शेंबडं पोरही सांगेल. आणि तिला लहानपणापासून डॉक्टरच व्हायचं होतं.

ती गेल्यावर मी त्याच्यावर घसरले. "ऑर्विल, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? पहिल्या नंबरची मुलगी आहे ती."

"ते गुणपत्रिकेत आहेच की, ग्लेंडा. मी आणखी काय लिहू? वर्षभरात तिनं मला एक प्रश्न विचारलेला नाही. अडल्यावर ती काय करते, मला कुठं ठाऊक आहे?"

पटलं, पण राग काही गेला नाही. "मग अडव की तिला," मी म्हटलं.

तो हसला, आणि कच्च्या मुलांच्या संध्याकाळच्या शिकवणीला त्यानं नडीनला जुंपलं. मी काही ना काही निमित्त काढून त्या खोलीत डोकवायची. सुरुवातीला ती घडाघडा बोलायची आणि पोरं जांभया द्यायची. ड्वेन नावाचा आडदांड फुटबॉलवाला तर तोंडावर म्हणाला, "तू परत तेच सांगतेयस, फक्त जरा मोठ्यानं."

एकदा त्यानंच विचारलं, की ही अभिक्रिया अशीच का होते, उलटी का नाही? नडीननं तोंड उघडलं, मिटलं; ती लालबुंद झाली. आता ही थाप मारणार, अशी माझी खात्रीच होती.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "मी हे नुसतं पाठ केलंय. चल, सरांना विचारू."

दोघं ऑर्विलकडे गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाहीत.

जूनमध्ये ऑर्विलनं दार लावून पत्र लिहिलं. असली पत्रं परस्पर मेडिकल कॉलेजांकडे जातात. वाचायचा हक्क मुलं आपणहून सोडून देतात. काय लिहिलंस म्हणून मी खोदून खोदून विचारलं, तर त्यानं बिस्किटांचा डबा पुढे केला. मला त्याचा भयंकर राग आला.

शरदात नडीनचा फोन आला, मुलाखतीहून निघता निघता.

"मिसेस हॅगन, त्यांनी मार्कांचं नावही काढलं नाही. म्हणाले, तू ड्वेनला 'मला माहीत नाही' म्हणालीस, त्या दिवसाबद्दल सांग." मग म्हणाली, "आणि मला वाटलं होतं, त्याच दिवशी माझं पत्र हातचं गेलं."