दुपारचा पहारा

इटलीआबा पायातली चप्पल काढल्याशिवाय कविता वाचत नसत. स्वतःची असो की दुसऱ्या कुणाची. लोणावळ्याच्या स्टेशनवर बाकावर बसून वाचायची वेळ आली, तरी आधी चपला काढून बाकाखाली सारणार, मग पुस्तक उघडणार. एकदा त्या चपला कुणीतरी उचलून नेल्या. आबा तुंगार्लीपर्यंत अनवाणी चालत आले आणि म्हणाले, "कविता वाचून झाली होती, ते बरं झालं."

आबा मूळचे इटलीचे, म्हणून गाव त्यांना इटलीआबा म्हणायचं. तिकडे त्यांच्या कवितांची पुस्तकं निघाली होती. ल्यूट नावाचं जुनं तंतुवाद्य ते वाजवत आणि विद्यापीठात संगीताचा इतिहास शिकवत. आपल्याकडे अभंग कसे गातात याचा अभ्यास करायला म्हणून आले आणि तुंगार्लीत एका बंगल्यामागच्या दोन खोल्यांत राहूनच गेले. "माझ्या देशात माझ्या कविता वाचणारे सगळे एका जीपमध्ये बसतील," असं ते सांगायचे. जरा थांबून पुढे म्हणायचे, "पण आपल्या वडापच्या, माणसं कोंबून भरलेल्या जीपमध्ये. म्हणजे तसे पुष्कळ झाले."

आमचं गाव आंदर मावळात. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, शेती करायचे आणि गावच्या भजनात विणेकरी होते. आबा मराठी शिकले ते दादांकडून. त्यामुळे पुण्याच्या एका परिसंवादात ते "आमी लय ऐकलंय" म्हणाले आणि सभागृह हसलं. आबा शांतपणे म्हणाले, "माझ्या गुरूंच्या घरी असंच बोलतात." मी पदवीधर झाले तीही त्यांच्यामुळे. गावाला एसटी धड नव्हती, पोरगी रोज कॉलेजला जाणार कशी, म्हणून दादा अडले होते. आबांनी त्यांच्या घरमालकिणीला गाठून माझी राहायची सोय केली आणि दादांना सांगितलं, "तुमी मला वीणा दिली. मी हिला फक्त खोली देतोय."

वीणा दिली, म्हणजे सप्ताहात. आमच्याकडे हरिनाम सप्ताह बसला की सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही. एकाचा पहारा संपला की तो उभ्यानंच दुसऱ्याच्या गळ्यात वीणा घालतो आणि दोघं एकमेकांच्या पाया पडतात. पंगत उठल्यानंतरचा दुपारचा पहारा कुणालाच नको असतो, पोटभर जेवून डोळे मिटत असतात. पहिल्या वर्षी दादांनी आबांना विचारलं, "उभं राहता येतं का?" आबा म्हणाले, "येतं." "मग धरा." तेव्हापासून दुपारचा पहारा आबांचा. घामाने सदरा भिजायचा, गुडघे थरथरायचे, पण त्यांनी कधी खांबाला पाठ टेकली नाही.

दादा गेले. त्यानंतरच्या सप्ताहाला गावात नवी कमिटी होती. अध्यक्ष जमिनीच्या व्यवहारातले. त्यांनी मोठा मांडव घातला, नावाजलेले महाराज बोलावले आणि पहिल्याच दिवशी आबांना बाजूला घेतलं. मी जवळच तांदूळ निवडत होते.

"आबा, तुमी पाहुणे. यंदा बसून ऐका."

"पाहुणा? मी?"

"बाहेरून लोक येत्यात. तुमचा धर्म येगळा. कुणी इचारलं तर आमी काय सांगायचं?"

"इतकी वर्षं कुणी इचारलं न्हाई."

"आता इचारत्यात. रागावू नका. इण्याला तेवढा हात लावू नका, बाकी मांडव तुमचाच हाय."

 आबा तरी रोज आले. दुपारच्या पहाऱ्याच्या वेळी मांडवात खाली बसायचे, हात मांडीवर ठेवून.

चौथ्या दिवशी पंगतीची भांडी गोळा करत मी मांडवाच्या कडेला आले. पहाऱ्यावर अध्यक्षांचा पुतण्या होता. दोन-तीन म्हातारे देवळाच्या भिंतीकडेला झोपलेले. पुतण्याचा फोन वाजला. त्याने वीणा गळ्यातून काढली, प्लास्टिकच्या खुर्चीवर आडवी ठेवली आणि बोलत बोलत बाहेर गेला.

आबा अर्धवट उठले. हात पुढे गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या गावात बाईने वीणा घ्यायची पद्धत नाही, हे त्यांना माहीत होतं. ते परत खाली बसले आणि मोठ्याने नाम घेऊ लागले. नामाला कुणी मनाई केली नव्हती. टाळ्या वाजवत, गळ्याच्या शिरा ताणून, एकटे. ती खुर्ची त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती.

पुतण्या परत आला, वीणा उचलून गळ्यात अडकवली आणि म्हणाला, "आबा, जरा हळू की. फोनवर काय ऐकू येईना."

काल्याच्या दिवशी अध्यक्षांनी माईकवरून सांगितलं, "सात दिवस इणा खाली टेकला न्हाई, ही आपल्या गावाची परंपरा." टाळ्या पडल्या. मग 'परदेशी पाहुण्यांचा' सत्कार झाला. आबांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, फोटो काढले. अध्यक्ष कानात म्हणाले, "हसा की आबा." आबा हसले नाहीत.

मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले. "तुम्ही सांगायचं होतंत सगळ्यांना," मी म्हणाले.

"काय सांगू? ज्याला हात लावायची परवानगी न्हाई, त्याची साक्ष कोण धरणार?" थोडं चालल्यावर म्हणाले, "तुझ्या दादांना मात्र विचारलं असतं. सप्ताह तुटला की न्हाई?"



त्याच वर्षी त्यांनी खोल्या सोडल्या. गुडघ्यांचं कारण सांगितलं. ल्यूट घेऊन इटलीला परत गेले, पुस्तकं मला दिली. पुढे त्यांच्या भाचीचा निरोप आला, की आबा गेले.

यंदाच्या सप्ताहाचा फलक मी एसटीच्या थांब्यावर पाहिला. अध्यक्षांच्या फोटोखाली आबांचा फोटो होता आणि 'सातासमुद्रापार पोहोचलेला आपला सप्ताह' असं लिहिलं होतं. फोटोत त्यांच्या अंगावर शाल आहे. हातात नारळ आहे.