आटलेली गळती

माझे सासरे एकतीस वर्षं धरणावर चौकीदार आहेत. संशय हा त्यांचा स्वभाव की नोकरीचा भाग, हे मला लग्नाला बारा वर्षं होऊनही कळलेलं नाही. दूध आलं की आधी वास घेणार. मी दार लावलंय म्हटलं की उठून कडी ओढून बघणार. सुरुवातीला मी रडायचे, मग तोंडाला तोंड द्यायला शिकले.

आमचं घर धरणाच्या पायथ्याशी, वस्तीतलं पहिलंच. धरण मातीचं, वयाने बाबांहूनही थोरलं. अशा धरणाला थोडी गळती असतेच. ती एका नालीतून बाहेर पडते आणि नालीत खाच पाडलेली लोखंडी पाटी बसवलेली आहे. रोज सकाळी बाबा खाचेतल्या पाण्याची उंची पट्टीने मोजतात, मग ग्लासात पाणी धरून उजेडात बघतात. नितळ असेल तर ठीक. गढूळ आलं, तर पाण्याबरोबर धरणाच्या पोटातली माती निघाली असं समजायचं.

यंदा गळती कमी व्हायला लागली. नऊ सेंटिमीटरची सात झाली, सातची चार. मोठे साहेब खूश. "म्हातारपणी सुधारलं की हो तुमचं धरण," म्हणाले. बाबा मात्र कपाळाला आठ्या घालूनच घरी आले.

"तलावाची पातळी तेवढीच आहे. मग माझं पाणी गेलं कुठे?"

माझं पाणी म्हणे!

दोन दिवस त्यांनी शेजारच्या गवंड्यावर पाळत ठेवली, कारण त्याचं बांधकाम चालू होतं. बिचाऱ्याने टाकी, नळ, बादल्या सगळं दाखवलं आणि वर हात जोडले. तिसऱ्या दिवशी बाबांचा मोर्चा आमच्या परसात वळला. तिथे माझा पालेभाजीचा वाफा, भर उन्हाळ्यात हिरवागार. शेजारणी कौतुक करायच्या आणि मी भाव खायचे.

"पाइप कुठे लपवलास?"

"कसला पाइप?"

"नालीतून पाणी घेतेस तू. उगाच नाही एवढं हिरवं."

माझं डोकंच फिरलं. "आता चोर ठरवा मला. महिना झाला, या वाफ्यात मी तांब्याभर पाणी घातलेलं नाही."

वाटलं, आता खेकसतील. पण ते खाली बसले आणि वाफ्यात हात खुपसला. मनगटापर्यंत सहज गेला. बाहेर काढला, तर खड्डा पाण्याने भरत होता. मी ग्लास आणून दिला. खड्डा दोनदा उपसून त्यांनी तो भरला, तरी आलेलं पाणी मातकटच होतं.

त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला. "पाण्याने दुसरी वाट काढलीय. माती घेऊन येतंय. दरवाजे उघडा आणि वस्ती हलवा."

पलीकडून साहेबांचा आवाज मलाही ऐकू आला. "एका वाफ्यावरून शंभर घरं हलवू? तुमच्या सुनेनेच पाणी घातलं असेल. नीट चौकशी करा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "नाही घातलेलं. ती सांगतेय ना."

बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझा शब्द खरा मानला होता. आणि मी तिथे उभी राहून जिवाच्या आकांताने आठवत होते, चुकून कधी एखादी बादली मी या वाफ्यात ओतली होती का.