तीन मिलिमीटर

कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये मी सव्वीस वर्षं ओतकामाचे लाकडी साचे बनवले. मग कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आली आणि आमच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचा कागद पडला. स्वेच्छा कुणाची, ते त्यात लिहिलेलं नव्हतं. घरी बसून मी दारं-खिडक्या दुरुस्त करू लागलो. "अहो, आता घरात कुरकुरणारं तुमच्याशिवाय काही उरलं नाही," बायको म्हणाली.

आयटीवाल्यांच्या फ्लॅटचं फर्निचर करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे परदेशी लाकडाचे तुकडे उरायचे. आफ्रिकेतलं लालभडक पडौक, जवळजवळ काळं वेंगे. त्याच्या लेखी ते सरपण. मी त्यांच्या छोट्या नक्षीदार पेट्या करू लागलो.

मुलगी हिंजवडीला नोकरीला होती. तिच्या साहेबांना परदेशी पाहुण्यांना गणपती कोरलेली पितळी पाटी भेट द्यायची होती, आणि ती पाटी ठेवायला पेटी हवी होती. पाटी चौकोनी, पंधरा सेंटिमीटरची. "बाबा, एक सॅम्पल करून द्या. आवडलं तर ऑर्डर मिळेल." माझ्या हाताला अजून कुणी विचारतंय, हे मला फार हवं होतं. तीन आठवडे खपून पेटी केली. पडौक संपलं.

पेटी साहेबांना दाखवायच्या आदल्या संध्याकाळी मुलीनं पाटी आणली. पेटीत ठेवली तर खुळखुळली.

"तुमच्या कंपनीत पंधरा सेंटिमीटर मोजता येत नाहीत का?" मी भडकलो.

तिनं शाळेतली कंपासपेटी काढून पट्टी लावली. पाटी बरोबर पंधरा. पेटी तीन मिलिमीटर मोठी.

मी कारखान्यातली पट्टी वापरली होती. ओतलेलं पोलाद थंड होताना आकसतं, म्हणून साचा मुद्दाम मोठा करतात. आमच्या पट्टीवरचे सेंटिमीटरच त्या हिशेबानं लांब आखलेले असतात. इथे ओतायचं काहीच नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नेऊ नकोस," मी म्हणालो. "चुकलेला साचा पुढे गेला की शंभर भाग चुकतात."

तिनं आईच्या ब्लाउजपीसची मखमल कापून पेटीच्या आत कडेनं चिकटवली आणि सकाळी पेटी नेली.

संध्याकाळी ती पेढे घेऊन आली. चाळीस पेट्यांची ऑर्डर मिळाली होती.

"तीन मिलिमीटरचं सांगितलंस?"

"बाबा, मोजतंय कोण?" ती हसून म्हणाली आणि माझ्या तोंडात पेढा भरवला. तिला माझं कौतुक करायचं होतं, हे मला कळत होतं. पण सव्वीस वर्षं मी मोजतच तर आलो होतो.