लिंबाचा लेप विकणारे सर

माझ्या दुकानात आले की सर आधी गिऱ्हाइकाच्या हातातली क्रीमची ट्यूब उलटी करायचे. मागच्या बारीक अक्षरांवर नख ठेवून ओरडायचे, "वाचा! सायट्रिक ॲसिड! तोंडाला ॲसिड लावता व्हय, ताई?"

जिंतूरच्या स्टँडजवळ माझं क्रीम-पावडरीचं छोटं दुकान आहे. शेजारचा गाळा सरांचा. शिकवणी बंद पडल्यावर तिथे त्यांनी 'शुद्ध' लेप विकायला घेतला. लिंबाचा ताजा रस, हळद, बेसन. क्रीममध्ये ते ॲसिड चिमूटभर असतं, आम्लपणाचा तोल राखायला. लिंबात तेच भरपूर. एकदा मी हे बोलून पाहिलं. "तुमी गल्ला सांभाळा," सर म्हणाले. असा एखादा विद्वान तुमच्याही गल्लीत असेलच.

त्यांची बायको मात्र मागच्या दाराने यायची. "तीच क्रीम द्या वैनी. ह्यांना सांगू नका." मी कागदात गुंडाळून द्यायचे.

समोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं. रंग उजळावा म्हणून तिने रोज लेप लावला आणि ती बस्त्यासाठी उन्हात हिंडली. गाल भाजल्यासारखे लाल झाले, मग काळे डाग पडले. माय तिला सरांकडे घेऊन गेली. मीही गेले.

"आतली घाण बाहेर पडायलीय," सर म्हणाले. "आणखी दोन डबे लावा."

पोरीला रडू फुटलं. "लय आग व्हायलीय हो, सर."

"मग सहन करायला शिका."

माणसाची इतकी किळस मला कधी आली नव्हती. परभणीच्या डॉक्टरांनी लेप बंद करायला लावला. डाग जायला काही महिने लागतील, म्हणाले. पोरगी डागांसकट बोहल्यावर चढली. नवरदेव भला निघाला, पण फोटोंमध्ये तिने मान वर केली नाही.

मग सरांचं गिऱ्हाईक तुटलं. महिन्याभरात त्यांनी गाळा सोडला. टेम्पो भरता भरता ते माझ्या दारात आले आणि त्यांनी पाणी मागितलं. तांब्या घ्यायला हात पुढे केले, तेव्हा पाहिलं. लिंबं पिळून पिळून बोटांची सालं निघाली होती. चिरांमधून लाल मांस दिसत होतं.

"हाताला काय झालं?"

"थंडीनं फुटलेत," सर म्हणाले आणि त्या रणरणत्या उन्हात उभं राहून घटाघटा पाणी प्यायले.